१०३ मिनिटांत कोंबलेला अख्खा सीझन : 'द लास्ट एअरबेंडर'चं पोस्टमॉर्टेम

'अवतार: द लास्ट एअरबेंडर'च्या फॅन लोकांसमोर २०१० च्या सिनेमाचं नाव काढलं की दोनच गोष्टी होतात. एकतर समोरचा निर्विकार चेहऱ्याने म्हणतो, 'बा सिंग सेमध्ये असा कुठला सिनेमा आलाच नाहीये' (हा जुना विनोद आहे, शोमध्ये बा सिंग से नावाच्या शहरात बाहेर युद्ध पेटलेलं असताना सगळ्यांना 'युद्ध वगैरे काही नाही' असं हसऱ्या चेहऱ्याने सांगितलं जातं, त्यावरून आलाय), नाहीतर समोरचा सुरू होतो आणि अर्धा तास थांबत नाही. मी दुसऱ्या गटात.

पण 'बकवास होता' म्हणून सोडून देण्यात मजा नाही, कारण बकवास सिनेमे दर आठवड्याला येतात आणि त्यांच्यावर कुणी पंधरा-पंधरा वर्षं बोलत बसत नाही. आणि 'त्यांनी सगळं बदलून टाकलं' हे जे नेहमीचं कारण दिलं जातं ते पण मला पूर्ण पटत नाही. घटनांची यादी काढून बघा, बर्फातून मुलगा सापडतो, देवळात सांगाडे सापडतात, कैदेतले लोक सुटतात, निळ्या मुखवट्यावाला येऊन सोडवून नेतो, उत्तरेतल्या बर्फाच्या शहरावर हल्ला होतो, चंद्र लाल होतो, राजकुमारी जीव देते. सगळं आहे की! साधारण त्याच क्रमाने आहे. गडबड अशी झालीय की प्रत्येक घटना ठेवली आणि ती का घडते ते काढून टाकलं. माझा सगळा राग त्या 'का' वर आहे, म्हणून हे जरा सविस्तर.

मूळ शो काय होता

ज्यांनी बघितला नाहीये त्यांच्यासाठी पटकन. निकलोडियनवर फेब्रुवारी २००५ ते जुलै २००८ असा चालला, तीन सीझन, ६१ एपिसोड. मायकल दांते डिमार्टिनो आणि ब्रायन कोनिएत्झको या दोघांनी बनवला. जगात चार लोक आहेत, पाणी, माती, आग आणि हवा, प्रत्येकातल्या काही जणांना आपापलं तत्त्व हातांच्या-पायांच्या हालचालींनी वळवता येतं, त्याला बेंडिंग म्हणायचं. चारही तत्त्वं एकटा अवतार वळवू शकतो. आगवाल्यांनी जग जिंकायला घेतलंय, हवावाले सगळे मारून टाकलेत, आणि या पिढीचा अवतार म्हणजे आंग नावाचा १२ वर्षांचा पोरगा, तो १०० वर्षं बर्फात गोठून पडला होता, तो उठतो आणि गोष्ट सुरू.

म्हणायला लहान मुलांचा चॅनल, पण त्यात वंशसंहार आहे, निर्वासित आहेत, बापाने तोंड जाळलेला मुलगा आहे, आणि हे सगळं पाचर मारल्यासारखं न घालता विनोदाच्या मधेमधे येतं. मेहनत पण कसली, तर प्रत्येक बेंडिंगला खरी मार्शल आर्ट नेमून दिलेली, पाण्याला ताई ची, मातीला हुंग गार, आगीला उत्तरेकडची शाओलिन, हवेला बाग्वा, आणि सिफू किसू नावाचे उस्ताद हालचाली बसवून द्यायला होते. पडद्यावर दिसणारी चिनी अक्षरं खरी, त्यासाठी सुलेखनाचे जाणकार वेगळे. २००८ साली शोला पीबॉडी पुरस्कार मिळाला, तो कार्टूनला सहसा मिळत नाही.

सिनेमा कसा आला

दिग्दर्शक एम. नाइट श्यामलन, यांच्या मुलीला हॅलोविनला कतारा (आंगला बर्फातून बाहेर काढणारी पाणीवाली मुलगी) व्हायचं होतं, तिथून त्यांनी शो बघायला घेतला आणि त्यांना आवडला, ही गोष्ट त्यांनी स्वतःच मुलाखतींमध्ये सांगितलीय. म्हणजे माणूस शो न बघता आलेला नव्हता, हे महत्त्वाचं आहे, कारण 'ह्यांनी शो बघितला तरी होता का' हा फॅन लोकांचा आवडता टोमणा इथे लागू पडत नाही. २००७ च्या सुरुवातीला घोषणा झाली, पॅरामाउंट आणि निकलोडियन मूव्हीज, बजेट जवळपास १५ कोटी डॉलर, तीन सिनेमांचा प्लॅन, एका सीझनला एक सिनेमा. नावातला 'अवतार' शब्द गाळावा लागला कारण तेवढ्यात जेम्स कॅमेरूनचा निळ्या लोकांचा सिनेमा त्याच नावाने डिसेंबर २००९ ला आला. शूटिंग टू-डीत झालेलं आणि नंतर घाईघाईने थ्री-डी करून घेतलं, तेव्हा ती लाटच होती. त्या थ्री-डीमध्ये सगळं इतकं काळपट दिसायचं की रात्रीचे सीन नुसते ऐकायचे.

टीझर आठवतोय का कुणाला? मेणबत्त्यांनी भरलेली खोली, त्यात एक टक्कल केलेला पोरगा काठी घेऊन फिरतोय, त्याच्या हालचालीबरोबर ज्योती विझतायत, आणि मग बाहेर बघतो तर समोर आगवाल्यांचं अख्खं आरमार. एक शब्द नाही त्यात. तो टीझर बघून आम्ही सगळे हवेत. खरं सांगायचं तर पूर्ण सिनेमापेक्षा त्या टीझरमध्ये शो जास्त होता.

१ जुलै २०१० ला रिलीज. पहिल्या शनिवार-रविवारी अमेरिकेत सुमारे ४ कोटी डॉलर आले, म्हणजे लोक गेले, उड्या मारत गेले. जगभरचा एकूण गल्ला जवळपास ३२ कोटी डॉलर. आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण थिएटरवाल्यांचा वाटा आणि जाहिरातीचा खर्च धरला की १५ कोटींच्या सिनेमासाठी हा तीन भागांची मालिका पुढे रेटण्याएवढा नव्हता. समीक्षकांनी तर धुऊन काढलं, रॉटन टोमॅटोजवर ५ टक्क्यांच्या आसपास, रॉजर एबर्टनी चारपैकी अर्धा स्टार दिला. पुढच्या वर्षी रॅझीमध्ये (वर्षातल्या वाईट सिनेमांची टिंगल करणारा पुरस्कार) पाच 'बक्षिसं', त्यात सगळ्यात वाईट सिनेमा, सगळ्यात वाईट दिग्दर्शन, सगळ्यात वाईट पटकथा, आणि थ्री-डीच्या गैरवापरासाठी एक खास त्याच वर्षापुरतं काढलेलं. दुसरा भाग कधीच आला नाही.

साडेसात तास विरुद्ध पावणेदोन तास

पहिल्या सीझनमध्ये २० एपिसोड, प्रत्येक साधारण २२-२३ मिनिटांचा, म्हणजे साडेसात तास. सिनेमा १०३ मिनिटांचा. यातून काहीतरी जाणारच, हे शाळेतल्या पोरालाही कळतं आणि त्याबद्दल कुणाची तक्रार नाही. प्रश्न एवढाच की काय ठेवायचं. श्यामलन यांनी ठेवल्या घटना आणि काढला तो रिकामा वेळ, आणि शोचा जीव त्या रिकाम्या वेळात होता.

उदाहरण बघा. शोमध्ये कतारा बर्फ फोडते, आंग बाहेर येतो, तिच्या मांडीवर डोळे उघडतो, आणि शंभर वर्षांनी जागा झालेला हा जगाचा तारणहार पहिलं वाक्य काय बोलतो, तर 'माझ्याबरोबर पेंग्विनवरून घसरायला येशील का?' बस. एका वाक्यात कळतं की हे पोर आहे, याला खेळायचंय, आणि याच्या डोक्यावर जे येणारे ते याला अजून माहीत नाहीये. मग ते दोघं खरंच पेंग्विनवरून घसरतात, आणि युद्धात बाप दूर गेलेली, आई गमावलेली कतारा किती दिवसांनी पोरांसारखी हसते ते पण दिसतं. म्हणून तिसऱ्या एपिसोडमध्ये तो आपल्या देवळात जातो आणि त्याला गुरू ग्यात्सोचा सांगाडा सापडतो, आजूबाजूला आगवाल्या सैनिकांची शिरस्त्राणं पडलेली, म्हणजे म्हातारा एकटा किती जणांना घेऊन गेला ते एक शब्द न बोलता कळतं, तेव्हा ते पोटात जातं. कारण तोवर दोन एपिसोड आपण या पोराला हसताना बघितलेलं असतं.

सिनेमातही सांगाडे आहेत. पण पेंग्विन नाहीये. सिनेमातला आंग उठतो तोच कपाळाला आठी घालून, आणि शेवटपर्यंत ती आठी उतरत नाही. जो हसलाच नाही तो रडला तर आपल्याला काय फरक पडणार? नोआ रिंगर, ज्याने आंग केला, तो तायक्वांदो शिकलेला मुलगा होता, त्याचा तो पहिलाच सिनेमा, त्याच्या हालचाली बघा, अंगात खरंच कला आहे. त्याला हसायला कुणी लावलंच नाही, त्यात पोराचा काय दोष.

आणि सोक्का! शोमधला सोक्का, म्हणजे कताराचा भाऊ, हा स्वतःला मोठा योद्धा समजणारा, सतत भुकेला, सतत तोंडावर पडणारा, आणि तरी अख्ख्या टोळीत सगळ्यात हुशार डोकं. सिनेमात जॅक्सन रॅथबोनचा सोक्का गंभीर चेहऱ्याने सूचना देत फिरतो. विनोद काढला की शो 'मोठ्यांचा' होईल असं कुणालातरी वाटलं असणार. उत्तरेत गेल्यावर सोक्का आणि राजकुमारी युए यांचं जमतं, शोमध्ये त्यात लाजणं आहे, पुलावरची भेट आहे, तिचं आधीच लग्न ठरलेलं आहे, म्हणजे तिला 'हो' म्हणता येत नाहीये. सिनेमात हे सगळं कताराचा आवाज येऊन सांगतो, की माझा भाऊ आणि राजकुमारी यांची लगेच मैत्री झाली. झालं. पुढच्या सीनमध्ये दोघं जवळजवळ उभे. बसमधून उतरायचा स्टॉप जवळ आलाय म्हणून शेजारच्याला गोष्ट भराभर सांगून टाकावी तसं. मग ती चंद्रासाठी जीव देते तेव्हा तो रडतो आणि आपण घड्याळ बघतो.

तुरुंगाचा सीन, नीट बघू

सगळ्या प्रकरणातला एकच सीन निवडायचा तर मी हा निवडेन, कारण यात सगळी चूक एका जागी सापडते.

शोमध्ये, पहिल्या सीझनचा सहावा एपिसोड. हारू नावाचा मुलगा माती वळवू शकतो पण आगवाल्यांच्या भीतीने लपवतो. खाणीत एक म्हातारा अडकतो, कतारा हारूला म्हणते कर, वाचव त्याला, तो वाचवतो, आणि तोच म्हातारा जाऊन त्याला पकडून देतो. आता कताराला अपराधी वाटतंय, म्हणून ती मुद्दाम माती वळवण्याचं नाटक करून स्वतःला अटक करून घेते (आंग खालून हवा सोडून दगड उचलतो, सोक्का सगळ्यांना पटेल असा अभिनय करायला बघतो, धमाल सीन आहे). तुरुंग कुठे आहे, तर समुद्राच्या मधोमध एक लोखंडी सांगाडा. मातीचा कण नाही. माती वळवणाऱ्यांना ठेवायचं तर असंच ठेवणार ना! कतारा उभी राहून जोरदार भाषण करते, आता सगळे पेटून उठतील असं आपल्यालाही वाटतं, आणि कुणीच उठत नाही. माणसं आतून मोडलीयेत. मग यांच्या लक्षात येतं की हे सगळं चालतं कोळशावर, कोळसा म्हणजे जमिनीतूनच आलेला, आंग हवेच्या झोताने तो ढिगाने डेकवर आणून टाकतो. आणि तरीही कैदी जागचे हलत नाहीत! तुरुंगाधिकारी हसतो, टोमणे मारतो, पाठ फिरवतो, तेवढ्यात एक कोळशाचा तुकडा येऊन त्याच्या डोक्यावर बसतो. हारू. मग पुढचं सगळं.

अर्ध्या तासाच्या आत किती पायऱ्या झाल्या बघा, भीती, विश्वासघात, अपराधीपणा, फसलेलं भाषण, युक्ती, परत शांतता, आणि मग तो एक तुकडा.

सिनेमात तुरुंग जमिनीवर आहे. आजूबाजूला डोंगर, पायाखाली माती, सगळीकडे दगड. माती वळवणारे लोक मातीत बसून आहेत. आंग येतो आणि त्यांना सांगतो की अरे तुमच्या पायाखाली माती आहे. आणि ते म्हणतात, अरे हो की. मी हे थट्टा म्हणून लिहीत नाहीये, साधारण एवढाच सीन आहे. मग लढाई सुरू होते, कॅमेरा न कापता फिरतोय, आणि त्यात पाच-सहा माणसं एका सुरात पाय आपटतात, हात फिरवतात, कवायत संपते, आणि एक मध्यम आकाराचा दगड आरामात तरंगत पडद्यावरून जातो. थिएटरमध्ये लोक हसले तो हा सीन. मूळ शोमध्ये एका माणसाने एकदा पाय आपटला की भिंत उभी राहते.

आता यातला बदल मोजा. तुरुंगाची जागा बदलली, एवढंच. कदाचित समुद्रातला सेट महाग पडला असेल, असू शकतं. पण जागा बदलल्यावर पुढचं सगळं तपासायला हवं होतं, की मग हे लोक इतके दिवस गप्प का बसले? त्याचं नवीन कारण द्या. त्यांची पोरं ओलीस ठेवा, त्यांचे हात बांधा, काहीही करा. कारण गेलं आणि जागा रिकामीच राहिली.

आग आणायची कुठून

सिनेमात आगवाल्यांना आधीपासून पेटलेली आग जवळ लागते, तीच ते वळवतात. शोमध्ये आग त्यांच्या स्वतःच्या श्वासातून निघते, बाकी तिघांना आपलं तत्त्व बाहेर शोधावं लागतं (कतारा म्हणून कमरेला पाण्याची पिशवी बाळगते, पुढे एकदा तर लाकडी पिंजऱ्यात अडकल्यावर घामावर काम भागवते) आणि आगवाले मात्र रिकाम्या हाताने कुठेही उभे राहून हल्ला करू शकतात. अहो, म्हणूनच तर ते युद्ध जिंकत होते ना! सिनेमाच्या नियमाने बघितलं तर हे सैन्य शेकोट्या बरोबर घेऊन बर्फाच्या शहरावर, जिथे चहूबाजूंनी पाणीच पाणी, चालून जातंय. पाणीवाल्यांनी एक बादली ओतली की संपलं. हा बदल का केला ते कळतं, आगवाल्यांचा राजपुत्र झुको, त्याचे इरोह काका शेवटी हवेतून आग काढतात तेव्हा सगळे चकित व्हावेत म्हणून. एका क्षणाच्या टाळीसाठी अख्ख्या युद्धाचा पाया काढून घेतला.

झुको आणि त्याचा व्रण

झुको म्हणजे शोचा कणा. सैन्यातल्या नवख्या पोरांना मुद्दाम बळी द्यायचं ठरत होतं, तेव्हा भर सभेत हा बोलला, म्हणून बापाने द्वंद्वात त्याचं तोंड जाळलं आणि हाकलून दिलं. हे आपल्याला बाराव्या एपिसोडपर्यंत कळतच नाही. तोवर तो नुसता चिडका खलनायक, आणि मग वादळाच्या रात्री एकीकडे आंग आपण पळून का गेलो ते सांगतो आणि दुसरीकडे इरोह काका झुकोची गोष्ट खलाशांना सांगतात, आणि जे खलाशी त्याला शिव्या घालत होते त्यांचे चेहरे बदलतात.

सिनेमात झुको रस्त्यावरच्या एका लहान मुलाला बोलावतो आणि म्हणतो, राजपुत्राबद्दल तुला काय माहितीये ते सांग. पोरगा पाठ केल्यासारखं सगळं सांगतो. ज्याला त्या गोष्टीची लाज वाटते तोच ती अनोळखी पोराकडून मोठ्याने वदवून घेतोय! आणि तो व्रण, ज्यावर सगळं उभंय, तो इतका फिका की लांबून दिसतच नाही. देव पटेलचा यात दोष नाही, मिळालेल्या संवादांत तो जीव ओतायला बघतो, ते जाणवतं. शॉन टूबचा इरोह पण वाईट नाही, फक्त हा इरोह बारीक आणि गंभीर, चहाचं वेड जवळजवळ नाहीच.

चेहऱ्यांचा प्रश्न

शोमधलं जग सगळं आशियाई आणि आर्क्टिककडच्या लोकांवरून घेतलेलं, हवावाले तिबेटी भिक्षूंसारखे, पाणीवाले इनुइट लोकांसारखे. सिनेमात आंग, कतारा, सोक्का तिघंही गोरे. आणि झुको, आगवाल्यांचा सेनापती झाओ, बाकी आगवाले? देव पटेल, आसिफ मांडवी, म्हणजे आपल्याकडचे चेहरे. चांगले गोरे आणि वाईट सावळे, ही वाटणी कुणाच्या मनात होती की नकळत झाली ते सोडा, पडद्यावर तशीच दिसते. कलाकार निवडीच्या जाहिरातीतच 'कॉकेशियन किंवा इतर कुठल्याही वंशाचे' असं लिहिलेलं होतं, त्यावरून २००८ पासूनच फॅन लोकांनी पत्रं पाठवली, निषेध केला, 'रेसबेंडिंग' (पात्राचा वंश बदलून कलाकार घेणं) हा शब्द त्यातूनच आला. दिग्दर्शक तेव्हा म्हणाले की इतका वेगवेगळ्या वंशांचा मोठा सिनेमा दुसरा नाही. पण तुम्ही दक्षिणेतलं ते गाव बघा, शेजारी-पाजारी सगळे इनुइट लोकांसारखे, आणि त्यात हे दोन भाऊ-बहीण मात्र गोरेपान. गावात कुणाला काही विचारावंसं वाटत नाही.

आणि उच्चार. आंगचा 'ओंग' केला, इरोहचा 'ईरोह', सोक्काचा 'सोका'. कारण दिलं की आशियाई उच्चार बरोबर हवेत. म्हणजे चेहरे आशियाई नकोत पण उच्चार हवेत. आपल्याला 'अवतार' त्यांच्या तोंडी जरा नीट ऐकू येतो तेवढाच फायदा.

शोने हे आधीच दाखवलं होतं

आता गंमत ऐका. तिसऱ्या सीझनच्या शेवटाकडे, जुलै २००८ मध्ये, एक एपिसोड आहे ज्यात आंग आणि मंडळी लपूनछपून नाटक बघायला जातात, आणि ते नाटक असतं त्यांच्याच आयुष्यावर! तीन सीझनची गोष्ट एका रात्रीत उरकलेली. स्टेजवरची कतारा सारखी रडते आणि आशेची भाषणं ठोकते, आंगचं काम बाई करते, आणि नाटकातला व्रण चुकीच्या बाजूला असल्यामुळे एक पोरगा खऱ्या झुकोलाच सांगतो की तुझा व्रण चुकीच्या बाजूला आहे, आणि झुको चिडतो. सोक्काला स्टेजवरच्या सोक्काचे विनोद इतके भिकार वाटतात की तो मध्यंतरात आत जाऊन नटाला नवीन विनोद देऊन येतो.

म्हणजे सिनेमा यायच्या दोन वर्षं आधी शोने वाईट रूपांतर कसं असतं ते स्वतःच दाखवून ठेवलं होतं. पण त्यात एक बारीक गोष्ट आहे, त्या नाटकाला बघून हे सगळे अस्वस्थ का होतात? विनोदी चुकांमुळे नाही. मध्येमध्ये ते नाटक नको तिथे बरोबर बोट ठेवतं, झुकोने काकाला दगा दिला तो प्रसंग स्टेजवर येतो आणि झुको गप्प होतो. कोंबलेलं, थिल्लर, तरी त्या नाटकात एक-दोन ठिकाणी जीव आहे. सिनेमाबद्दल मला एवढंही म्हणता येत नाही. तोफला (माती वळवणारी छोटीशी आंधळी मुलगी, दुसऱ्या सीझनपासून यांच्या टोळीत) मात्र आपलं काम धिप्पाड पैलवान करतोय हे बघून जाम आनंद होतो, ते वेगळंच.

मग काय करायला हवं होतं

सिनेमात चांगलं काहीच नव्हतं का, होतं ना. जेम्स न्यूटन हॉवर्डचं संगीत मी आजही ऐकते, आणि शेवटची ती लाट उठते त्या पाच मिनिटांत संगीतच सिनेमा चालवतं. ग्रीनलँडला जाऊन घेतलेले बर्फाचे शॉट खरे वाटतात कारण खरे आहेत. पैसा, माणसं, आवड, सगळं होतं. म्हणून जास्त त्रास होतो.

माझ्या मते चूक पहिल्याच दिवशी झाली, 'एक सीझन एक सिनेमा' ठरवलं तेव्हा. २० एपिसोडचा गोषवारा काढायला बसलं की गोषवाराच मिळणार. त्याऐवजी त्यातली एकच गोष्ट उचलायची होती, आंग आणि झुको, दोघंही घराबाहेर पडलेली पोरं, एकाला घरच उरलं नाही आणि दुसऱ्याला घराने हाकललं. बर्फ, देऊळ, वादळ, निळा मुखवटा, संपलं. उत्तरेचं शहर पुढच्या भागात. क्योशी योद्ध्यांचे (शोमधली लढवय्या मुलींची तुकडी) सीन तर शूट करून कापले, म्हणजे जागा कमी पडतेय हे त्यांनाही दिसत होतं, पण कापताना घटना वाचवल्या आणि माणसं कापली.

आणि नियम बदलायचे तर त्याच्या मागे धावा. सिनेमातला आंग पळतो कारण त्याला सांगितलं जातं की अवतारला कुटुंब करता येत नाही. शोमध्ये तो पळतो कारण भिक्षू त्याला ग्यात्सोपासून तोडणार असतात हे त्याच्या कानावर पडतं. १२ वर्षांच्या पोराला भविष्यातल्या कुटुंबाचं काय पडलंय? त्याला आपला म्हातारा हवाय.

२०२४ ची दुसरी खेप

नेटफ्लिक्सने २०१८ ला परत खऱ्या माणसांना घेऊन मालिका करायची घोषणा केली, मूळ शो बनवणारे दोघंही त्यात होते, २०२० मध्ये मतभेद होऊन बाहेर पडले, आणि आम्ही सगळे कपाळाला हात लावून बसलो. २२ फेब्रुवारी २०२४ ला आठ एपिसोड आले. चेहरे या वेळी बरोबर निवडले. पण रोग बराचसा तोच, माणसं एकमेकांना आपल्या भावना समजावून सांगतात, ओमाशू नावाच्या शहरात तर चार वेगवेगळ्या एपिसोडच्या गोष्टी एकात कोंबल्यात, आणि आंगला खेळायला वेळ इथेही कमीच.

तरी एक बदल असा केलाय की मी उठून टाळ्या वाजवल्या. झुकोने ज्या नवख्या तुकडीसाठी तोंड उघडलं आणि व्रण घेतला, ती ४१ वी तुकडी म्हणजे त्याच्याच जहाजावरचे हे खलाशी, हे मूळ शोमध्ये नव्हतं. ज्या पोराला ते वैतागलेत त्याच्यामुळे आपण जिवंत आहोत हे त्यांना इरोह सांगतो, आणि झुको परत येतो तेव्हा ते सगळे त्याला मान देतात. नवीन घातलंय, मुळात नाहीये, आणि कट्टर फॅन लोकांनीही ते डोक्यावर घेतलं. त्यामुळे 'फॅनला काय, सेम टू सेम दिलं तरच खूश' असं कुणी म्हणालं की मी त्यांना हा सीन बघायला सांगते, आणि मग लगेच २०१० मधला तो रस्त्यावरचा पोरगा.